उपनगरातल्या चार्टर हायस्कूलचं दप्तर कसं वाचावं

अमेरिकेत चार्टर हायस्कूलची रंगीत माहितीपुस्तिका हातात पडली की ती बाजूला ठेवा आणि शाळेचा करारनामा मागा. शाळा कुणी काढली, कोणत्या वचनावर काढली, त्या वचनाचं पुढं काय झालं आणि शाळा वाढली ती कशाच्या बळावर, हे सगळं त्या करारनाम्यात आणि त्याच्या नूतनीकरणाच्या कागदांत असतं.

माझी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात झाली. ठाणे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांची दप्तरं उघडून बसायचं, जनरल रजिस्टर आणि हजेरीपट समोरासमोर ठेवायचे, हेच काम. निवृत्तीनंतर लेकीकडे लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत राहायला आले आणि नात आठवीत गेली तसा घरात हायस्कूलचा विषय सुरू झाला. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांतही आईवडील गाठून विचारतात, "काकू, चार्टर चांगलं की साधं पब्लिक, म्हणजे सरकारी?" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. "ही एक चार्टर शाळा कशी वाढली?" या प्रश्नाला मात्र आहे, आणि ते घरबसल्या, एक पैसा न खर्चता शोधता येतं. ते कसं शोधायचं, हे मी इथं लिहिते आहे. उदाहरण बहुतेक आमच्या शेजारच्या ग्रॅनडा हिल्स चार्टरचं देईन. कायद्याचे तपशील कॅलिफोर्नियाचे आहेत. तुमचं राज्य वेगळं असेल तर कागदांची नावं बदलतील, वाचायची रीत तीच.

आधी चार्टर म्हणजे काय ते थोडक्यात. ही शाळा सरकारी पैशांवर चालते आणि फी घेत नाही. कारभार मात्र डिस्ट्रिक्टकडे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे) नसून शाळेच्या स्वतःच्या संचालक मंडळाकडे असतो. आपल्याकडच्या अनुदानित शाळेशी तिचं जवळचं नातं आहे, संस्था खाजगी आणि पगार सरकारी. फरक मोठा एकच, चार्टरला मुदत असते. साधारण पाच वर्षांचा करार, मग पुन्हा परीक्षा. म्हणून तिचा इतिहास आपोआप पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांत लिहिला जातो, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी शाळेला लेखी जबाब द्यावा लागतो. तपासणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. आपल्या कित्येक संस्थांच्या शाळा पन्नास-पन्नास वर्षं चालल्या, पण दर पाच वर्षांनी "आम्ही काय म्हटलं होतं आणि काय केलं" असं त्यांना कुणी लिहून द्यायला लावलं नाही.

शाळा जन्मली कशी?

पहिली नोंद ही करा: शाळा शून्यातून उभी राहिली की चालू सरकारी शाळेचं रूपांतर झालं? यावर पुढचं सगळं वाचन अवलंबून आहे.

अमेरिकेत चार्टरचा पहिला कायदा मिनेसोटानं १९९१ मध्ये केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात पहिली चार्टर शाळा उघडली. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९२ चा, देशातला दुसरा. सुरुवातीला सबंध राज्यात शंभरच चार्टरना परवानगी होती. १९९८ मध्ये ती मर्यादा अडीचशेवर नेली आणि पुढं दर वर्षी आणखी शंभरांची वाट मोकळी केली. त्यामुळं शाळेचं जन्मवर्ष पाहिलं की ती कोणत्या लाटेत आली ते कळतं.

ग्रॅनडा हिल्स रूपांतराची शाळा आहे. १९६० मध्ये ती लॉस एंजेलिस युनिफाइड डिस्ट्रिक्टचं साधं हायस्कूल म्हणून सुरू झाली. १९१३ मध्ये ओवेन्स खोऱ्याचं पाणी कालव्यानं व्हॅलीत पोहोचलं, त्यावर संत्र्या-लिंबांच्या बागा फुलल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागा तोडून मैलोन्‌मैल घरं उठली. त्या घरांतल्या मुलांसाठी ही शाळा बांधली. (शाळेजवळच्या व्हाइट ओक अव्हेन्यूवर दुतर्फा देवदार आहेत, आपल्या हिमालयातले. शहरानं ते वारसा म्हणून नोंदवले आहेत. संध्याकाळी मी तिकडूनच फिरून येते.) अमेरिकन फुटबॉलपटू जॉन एलवे इथूनच १९७९ मध्ये बारावी होऊन बाहेर पडला, मैदानाला त्याचं नाव आहे.

आता याच शाळेचा १९७८ ते १९८१ हा काळ बघा. कोर्टाच्या आदेशानं डिस्ट्रिक्टनं वर्णविभाजन मोडण्यासाठी मुलांना बसनं एका भागातून दुसऱ्या भागात नेणं सक्तीचं केलं. व्हॅलीतल्या गोऱ्या पालकांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ उभारली, अनेकांनी मुलं काढून घेतली किंवा घरंच बदलली, आणि १९८१ मध्ये सक्ती उठली. डिस्ट्रिक्टवरचा व्हॅलीचा राग मात्र उठला नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये तर अख्ख्या व्हॅलीनं लॉस एंजेलिस शहरातून वेगळं व्हावं का, यावर मतदान झालं. व्हॅलीत थोडक्या मतांनी "हो" जिंकलं, शहरभराच्या मोजणीत हरलं. आणि २००३ मध्ये ग्रॅनडा हिल्स हायस्कूल स्वतंत्र चार्टर झालं. त्याच वर्षी समुद्राकाठच्या पॅलिसेड्सचं हायस्कूलही स्वतंत्र झालं. पुढं व्हॅलीतली बर्मिंगहॅम आणि एल कमिनो रिआल ही हायस्कूलंही त्याच वाटेनं गेली.

हे सगळं पाल्याच्या प्रवेशाशी काय संबंधाचं, असं वाटेल. संबंध असा की रूपांतराच्या शाळेत जुन्या परिसराचा हक्क कायद्यानं शाबूत राहतो. पूर्वी ज्या वस्तीची मुलं त्या शाळेत जात, तिला प्रवेशात प्राधान्य द्यावंच लागतं. म्हणजे शाळेच्या हद्दीत तेव्हा कोण राहत होतं आणि आज कोण राहतं, यावर शाळेचा चेहरा ठरतो. हद्दीत घर भाड्यानं घेणं ज्याला परवडतं त्याचा नंबर आधी, हद्दीबाहेरच्याला सोडत. ही गोष्ट मला मनापासून खटकते, पण कायदा असा का आहे तेही समजतं. तो नसता तर वस्तीची स्वतःची शाळाच वस्तीच्या हातून गेली असती.

रूपांतरासाठी आणखी एक अट आहे, शाळेतल्या कायम शिक्षकांपैकी किमान निम्म्यांनी अर्जावर सह्या करायच्या. मूळ अर्जाला त्या सह्यांची पानं जोडलेली असतात. निम्म्याच्या काठावर सह्या असतील तर शाळेत तेव्हा दोन तट होते असं समजा. बहुतेकांच्या असतील तर शिक्षक मनानं सोबत होते. शाळेविषयी इतकं बोलकं पान दुसरं नाही, ते चुकवू नका.

शून्यातून उभ्या राहिलेल्या शाळेचं उदाहरण मॅसॅच्युसेट्सचं देते, माझी भाची तिथं राहते. बोस्टनच्या पश्चिमेला मार्लबरो गावात २००५ मध्ये अॅडव्हान्स्ड मॅथ अँड सायन्स अकॅडमी निघाली. संस्थापक ज्युलिया सिगालोव्हस्की, सोव्हिएत संघातून आलेल्या शास्त्रज्ञ. गणित-विज्ञान आपल्याकडे शिकवत तसं कसून शिकवायचं, हे मूळ वचन. शाळा कार्यालयांच्या वसाहतीत थाटली. तिथं परवानगी राज्य देतं आणि शाळेत जास्तीत जास्त किती मुलं असतील तो आकडा करारातच बांधलेला असतो. वाढायचं तर राज्याकडे करारदुरुस्ती मागायला लागते. २०१६ मध्ये राज्यभरातली चार्टरची मर्यादा सैल करावी का, यावर तिथं मतदान झालं, आणि मतदारांनी ठणकावून "नाही" म्हटलं.

तिसरा प्रकार कंपन्यांचा. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनचं चार्टर स्कूल १९९६ मध्ये ड्यूपाँटसह सहा संस्था-कंपन्यांनी मिळून काढलं. ते पूर्वीच्या विल्मिंग्टन हायस्कूलच्या इमारतीत भरतं. तिथं प्रवेशासाठी चाचणी घेतली जाई, आणि २०१४ मध्ये नागरी हक्कांच्या एका संघटनेनं अशा निवडीमुळं कोणती मुलं बाहेर राहतात यावर केंद्र सरकारकडे तक्रार केली. शाळेचे निकाल पाहताना निवडीची रीत शेजारी ठेवूनच पाहा. निवडून घेतलेल्या मुलांचे गुण आणि सोडतीतून आलेल्या मुलांचे गुण एकाच तराजूत घालू नयेत.

पटाचा तक्ता घाला

"आमची शाळा चार वर्षांत चौपट झाली!" असं ऐकलं की आधी शाळा कितवीपासून सुरू झाली ते विचारा. पहिल्या वर्षी फक्त नववी, मग दहावी, अकरावी, बारावी असं दर वर्षी एक इयत्ता वाढवत नेली, तर चौथ्या वर्षी शाळा आपसूकच चौपट दिसते. ती नुसती बेरीज आहे. खरी वाढ नववीच्या पटात दिसते.

म्हणून एक वही घ्या. (लेकीनं मला एक्सेल शिकवलं आहे, पण वहीत आकडा हातानं लिहिला की तो डोक्यात राहतो.) राज्याच्या शिक्षण विभागाच्या डेटाक्वेस्ट या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची वर्षनिहाय, इयत्तानिहाय पटसंख्या फुकट मिळते. डावीकडे वर्षं, वर नववी ते बारावी असे चार रकाने. मग तिरकं वाचा, २०१८ ची नववी, २०१९ ची दहावी, २०२० ची अकरावी, २०२१ ची बारावी. समजा नववीत १२० मुलं होती आणि तीच तुकडी बारावीत ८४ झाली. मग ३६ मुलं गेली कुठं? घर बदललं, न झेपून परत डिस्ट्रिक्टच्या शाळेत गेली, की कुणी हळूच "तुमच्या मुलाला इथं जमेलसं वाटत नाही" असं सांगितलं? रिकाम्या जागी नवी मुलं घेतली की जागा तशाच ठेवल्या? बारावीचा निकाल ८४ जणांवर काढलेला असतो, उरलेल्या ३६ जणांचा हिशेब पुस्तिकेत कधी येत नाही. कॅलिफोर्नियात आता मुलांना शाळा सोडायला उद्युक्त करणं कायद्यानं मना आहे, तरी हा तिरका तक्ता घातल्याशिवाय शाळेच्या भेटीला जाऊ नका.

ग्रॅनडा हिल्सचा तक्ता वेगळा दिसतो. रूपांतर झालं तेव्हाच तिथं हजारो मुलं होती, चारही इयत्ता भरलेल्या. पुढं पट साडेचार हजारांच्या आसपास गेला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या चार्टर हायस्कूलांत तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट हा अनेक देशांत चालणारा अभ्यासक्रम आला, ऑनलाइन शिक्षणाची वेगळी शाखा आली. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं शाळेच्या संघानं राष्ट्रीय अॅकॅडमिक डेकॅथलॉन ही अभ्यासाची सांघिक स्पर्धा जिंकली. नंतर बालवाडीपासून आठवीपर्यंतचा वेगळा परिसर जोडला आणि शाळेच्या नावातला "हायस्कूल" शब्द गळाला.

हे सगळं झालं त्याच काळात लॉस एंजेलिस युनिफाइडचा पट मात्र घसरत होता. २००३ च्या सुमारास साडेसात लाखांजवळ असलेली मुलं आज साडेचार लाखांच्याही खाली आहेत. जन्मदर घटला, घरभाडी परवडेनात, कुटुंबं बाहेर गेली, आणि चार्टरकडेही पुष्कळ मुलं वळली. म्हणून वहीत दुसरं पान करा, शेजारच्या शाळेचं. ग्रॅनडा हिल्सच्याच वस्तीत जॉन एफ. केनेडी हायस्कूल आहे, डिस्ट्रिक्टचं. दोन्ही शाळांचं एकच वर्ष घ्या आणि समोरासमोर लिहा: इंग्रजी शिकत असलेली मुलं किती टक्के, विशेष गरजा असलेली किती, कमी उत्पन्नाच्या घरांतली किती. राज्याच्या स्कूल डॅशबोर्डवर हे आकडे असतात. मोठा फरक दिसला तर चार्टरच्या निकालावर भाळण्याआधी थांबा. फरक दिसला नाही आणि निकाल तरी चांगला, तर त्या शाळेनं खरंच काम केलं आहे. अशा शाळेचं कौतुक मोकळ्या मनानं करावं.

हजेरी म्हणजेच पैसा

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली ती अनेकांना आठवत असेल. बोटाला शाई लावून मुलं मोजली आणि कागदावरची लाखो मुलं वर्गात नव्हतीच असं निघालं. कारण साधं होतं, पटावर शिक्षकांची पदं आणि अनुदान ठरत होतं.

कॅलिफोर्नियात पैसा पटावर मिळत नाही, सरासरी दैनंदिन हजेरीवर मिळतो. मूल घरी राहिलं की त्या दिवसाचे पैसे बुडाले. त्यामुळं चार्टरच्या कार्यालयातून गैरहजेरीचे फोन इतक्या तत्परतेनं येतात. वहीत आणखी एक रकाना घाला: हजेरी भागिले पट. शंभर मुलांमागे ९४-९५ असतील तर शाळा नीट भरते. तो आकडा वर्षागणिक खाली येत असेल तर मुलांचं मन उडतंय असं समजा.

आणि गडबड इथंही होते. २०१९ मध्ये सॅन डिएगो काउंटीत ए-थ्री नावाच्या ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्यावर आरोपपत्र दाखल झालं. उन्हाळी खेळांच्या क्लबांतल्या मुलांची नावं पटावर चढवून राज्याकडून कोट्यवधी डॉलर उचलले गेले होते. प्रमुख आरोपींनी पुढं गुन्हा कबूल केला. म्हणून शाळा एकदम फुगलेली दिसली आणि वर्गखोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या, तर वाढ ऑनलाइन शाखेत आहे का ते पाहा आणि तिथल्या हजेरीची नोंद कशी ठेवतात ते विचारा. चांगली शाळा या प्रश्नाला चिडत नाही, उलट लगेच कागद काढून दाखवते.

ताळेबंद मागून पुढं वाचा

या भागावर मी जरा रेंगाळणार, कारण पालक इथंच माघार घेतात. दर वर्षी चार्टरला बाहेरच्या सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं आणि तो अहवाल १५ डिसेंबरपर्यंत परवानगी देणाऱ्या डिस्ट्रिक्टला, काउंटीला आणि राज्याला द्यावा लागतो. बहुतेक शाळा तो संकेतस्थळावर ठेवतात. साठ-सत्तर पानं असतात, पण सगळी वाचायची गरज नाही.

सर्वांत शेवटून सुरुवात करा. शेवटी आक्षेपांचं परिशिष्ट असतं. आमच्या खात्यात खुलासा मागणारं अर्धसमास पत्र काढायचो, उत्तर नाही आलं तर अहवालात आक्षेपाचा परिच्छेद व्हायचा, मग अनुपालन, म्हणजे चूक दुरुस्त केल्याचा जबाब. इथंही तसंच आहे, या वर्षीचे आक्षेप आणि त्यामागोमाग गेल्या वर्षीच्या आक्षेपांचं काय झालं त्याचा तक्ता. एखाद्या वर्षी एखादा आक्षेप आला म्हणून घाबरू नका. माणसं काम करतात, कागद राहून जातो. तोच आक्षेप दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी पुन्हा दिसला तर मात्र कारभार ढिला आहे. विशेषतः हजेरीच्या नोंदींचा आक्षेप, शिक्षकांच्या परवान्यांचा आक्षेप आणि खर्चाला पावती नसल्याचा आक्षेप, हे तीन लाल पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. आमच्याच व्हॅलीतल्या एका चार्टरमध्ये मुख्याध्यापकांनी शाळेच्या क्रेडिट कार्डावर केलेल्या खर्चावरून २०१५-१६ मध्ये मोठा गदारोळ झाला होता. असल्या गोष्टी आधी कागदात दिसतात आणि मागाहून वर्तमानपत्रात येतात.

मग पुढं या टिपांकडे. "संबंधित पक्ष" अशी टीप शोधा. शाळेची इमारत संचालकांपैकी कुणाच्या संस्थेची आहे का, व्यवस्थापनाचं कंत्राट कुणाला आहे, ते तिथं कळतं. नफा कमावणाऱ्या कंपनीनं चार्टर चालवण्यावर कॅलिफोर्नियात २०१९ पासून बंदी आहे, तरी भाडं आणि सेवाशुल्क कुणाकडे जातं हे पाहावंच.

त्यानंतर कर्जाची टीप. शाळेनं इमारतीसाठी रोखे काढले असतील तर दर वर्षी किती हप्ता आहे ते पाहा. जी शाळा मोठी इमारत बांधते तिला ती भरण्यासाठी मुलं लागतात, आणि मुलं कमी झाली की शिक्षक कमी करावे लागतात. रूपांतराच्या शाळांना हा ताप कमी, कारण त्या बहुधा डिस्ट्रिक्टच्याच जुन्या इमारतीत राहतात. ज्यांना स्वतःची जागा नाही त्यांना प्रपोझिशन ३९ नुसार, म्हणजे २००० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानुसार, डिस्ट्रिक्टनं आपल्या शाळांमधल्या खोल्या द्यायच्या असतात. एका आवारात दोन शाळा, मैदान आणि जेवणाच्या वेळा वाटून घ्यायच्या. त्यातून रोजची कुरबुर होते, ती मुलांच्याही कानावर जाते. वर्षावर्षाला जागा बदलणारी शाळा असेल तर पुढच्या वर्षी ती कुठं भरणार आहे, हे लेखी घ्या.

रूपांतराच्या शाळेत आणखी एक जड टीप असू शकते, निवृत्त शिक्षकांच्या आरोग्यविम्याची. डिस्ट्रिक्टमध्ये असताना मिळालेली आश्वासनं शाळेबरोबर येऊ शकतात आणि ती देणी वर्षानुवर्षं वाढत राहतात. एकट्या शाळेला हा बोजा पेलणं सोपं नसतं. मला तर त्या शिक्षकांची बाजू पूर्ण पटते, ज्यांनी आयुष्य दिलं त्यांचा विमा हा शाळेचा पहिला खर्च. पण त्यासाठी वेगळा निधी बाजूला ठेवला आहे का, हे टिपेत दिसलं पाहिजे.

शेवटी पहिलं पान. लेखापालाचं मत स्वच्छ आहे का, आणि "संस्था पुढं चालू राहील का" याविषयी शंका घेतली आहे का. शंका घेतलेली असेल तर त्या शाळेत नववीला प्रवेश घेताना बारावीपर्यंत शाळा राहील का, हाच पहिला प्रश्न.

कागद मागायचे कसे?

मूळ अर्ज आणि प्रत्येक नूतनीकरणाचा अर्ज डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकींच्या कागदपत्रांत असतो. शाळेचं नाव आणि "चार्टर रिन्यूअल" असं टाकून शोधा. डिस्ट्रिक्टच्या कर्मचाऱ्यांनी जोडलेला अहवाल तर जरूर वाचा. शाळा स्वतःविषयी जे बोलत नाही ते त्यात असतं. जुने कागद सापडले नाहीत तर सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली ईमेल करा. आपल्या माहितीच्या अधिकारात तीस दिवस असतात, इथं दहा दिवसांत "कागद देतो की नाही" एवढं तरी कळवावं लागतं. ईमेल चार ओळींचं पुरतं: शाळेचं नाव, हवी ती वर्षं, मूळ अर्ज सह्यांच्या पानांसह, आणि प्रती ईमेलनं पाठवा अशी विनंती. कारण सांगायची गरज नाही. २०२० पासून कॅलिफोर्नियाच्या चार्टर शाळाही थेट या कायद्याखाली येतात.

नूतनीकरणाच्या तारखा लिहिताना एक ध्यानात ठेवा. २०१९ च्या कायद्यानं कामगिरीनुसार शाळांचे तीन स्तर केले. वरच्या स्तराला पाच ते सात वर्षं, मधल्या स्तराला पाच, आणि खालच्या स्तराचं नूतनीकरण मुळात नाकारायचं, खास कारण असलं तरच दोन वर्षं. त्यातच कोविडमुळं राज्यानं मुदती पुढं ढकलल्या. त्यामुळं मधलं एखादं नूतनीकरण सापडलं नाही तर शाळेनं लपवलं असं लगेच समजू नका. शाळेला दोनच वर्षं मिळालेली दिसली तर मात्र सगळं काम सोडून तोच अहवाल आधी वाचा.

दोन याद्यांचा मेळ घाला. मूळ अर्जातली वचनं एका बाजूला: वर्गात किती मुलं, कोणते विषय, कला-संगीत असेल का, समुपदेशक किती. दुसऱ्या बाजूला आजचं वेळापत्रक. कॅलिफोर्निया विद्यापीठाला लागणारे ए-टू-जी अभ्यासक्रम पंधरा आहेत. शाळेतली किती मुलं ते पुरे करून बाहेर पडतात तो आकडा याच यादीत घाला. काही वचनं मोडली असतील. ती का मोडली हे नूतनीकरणाच्या अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर त्या शाळेवर माझा विश्वास वाढतो.

कागदांनंतर माणसं. बारावीच्या मुलांशी बोला, पालकांशी नंतर. वाचनालयात जुनी वार्षिक पुस्तकं असतील तर चाळा. कोणते क्लब निघाले आणि कोणते बंद पडले, यात शाळेचं खरं चरित्र असतं. फाटकावर मुलं सोडणारे सुरक्षारक्षक, कार्यालयातल्या बाई, यांना "इथं किती वर्षं आहात?" एवढंच विचारा. सगळेच दोन वर्षांच्या आतले निघाले तर शिक्षकही टिकत नसतील.

अर्ज आणि सोडत

अर्जाच्या तारखा शाळागणिक वेगळ्या. बहुतेकांच्या आदल्या हिवाळ्यात असतात, त्यामुळं सातवी संपली की चौकशी सुरू करा. रूपांतराच्या शाळेसाठी घर घेत असाल तर भाडेकरार करण्याआधी तो पत्ता हद्दीत आहे का, हे शाळेकडून लेखी मागा. दलालाच्या नकाशावर विसंबू नका. सोडत आपल्या आरटीईच्या सोडतीसारखीच जाहीर असते, हजर राहता येतं. प्रतीक्षायादीतला क्रमांक लिहून घ्या आणि ऑगस्टपर्यंत आशा सोडू नका, बरीच नावं सरकतात. आणि एच-वन, एच-फोरवर आलेल्या कुटुंबांनी भिऊ नये, व्हिसा कोणता हे शाळेनं विचारायचं नसतं. पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद आणि आधीच्या शाळेचे कागद पुरतात. लसीकरणाचं कार्ड मराठीत असेल तर इंग्रजी करून ठेवा.

प्रवेश मिळाला की वही मिटू नका. संचालक मंडळाची बैठक उघडी असते आणि नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. अंदाजपत्रक जूनमध्ये मंजूर होतं, त्या बैठकीला जा. बोलायचं असेल तर कार्ड भरून द्यायचं. दोन-तीन मिनिटं मिळतात. आपली माणसं इंग्रजीला बिचकतात, पण त्या खोलीत स्पॅनिश, कोरियन, आर्मेनियन बोलणारे आईबापही येतात आणि मोडक्या इंग्रजीत नेमकं विचारतात. दुभाषा हवा असेल तर आधी कळवा. पहिला प्रश्न सोपा ठेवा, गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपाचं अनुपालन झालं का. उत्तर इतिवृत्तात येतं, आणि पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त मंजूर होण्याआधी आपलं म्हणणं त्यात नीट उतरलं आहे का ते तपासून घ्या.